परमुलखाची खुशाली

आपल्या जुन्या पत्रव्यवहाराची एक रीत होती. पत्र कोणी कोणास लिहिलेले असो, मायन्यानंतर पहिल्याच ओळीत येथील कुशल कळवून तेथील कुशल विचारल्यावाचून लेखणी पुढे सरकत नसे. जमिनीचा तंटा, सोयरीक, सारा, देणेघेणे हा सारा ‘विशेष’ मजकूर होय व तो मागाहून येई. आधी खुशाली, मग व्यवहार. या रीतीत आपल्या पूर्वजांचा मोठा व्यवहारी शहाणपणा होता असे आम्हांस वाटते. दूर गेलेला माणूस सुखरूप आहे एवढे कळले म्हणजे घरातील चूल नीट पेटते. बाकीच्या गोष्टी थांबू शकतात.

आज कामथडी व तिच्या आसपासच्या गावांतून, तशीच पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतून, मुलेमुली विद्येसाठी व नोकरीसाठी परदेशी जातात. वडील मंडळीही नातवंडांस पाहण्यासाठी विमानाने जातात. विमान उतरले की ‘पोहोचलो’ एवढा एक शब्द घरी येतो व त्यास पैसाही पडत नाही. हा शब्द इतका स्वस्त कसा झाला आणि तो महाग होता तेव्हा आपल्या लोकांनी काय सोसले, याचा थोडक्यात इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पत्र या वस्तूशी आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव म्हणजे सुरनीस हा राजपत्रे तपासणारा अधिकारी होता. पत्रातील अधिकउणे शुद्ध करणे हे त्याचे काम. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळाले व त्यांच्याच घराण्याकडे भोरचे संस्थान चालले. म्हणजे ज्यांच्या पदाचा अर्थच पत्र तपासणे हा, त्यांचा हा मुलूख. या संस्थानाने १८७९ साली अर्ध्या आण्याची व एक आण्याची स्वतःची टपाल तिकिटेही काढली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी १ जुलै रोजी हिंदुस्थान सरकारने पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड सुरू केले. राजेरजवाडे व सावकार यांच्यापुरती असलेली पत्राची चैन त्या दिवसापासून कुणब्याच्या व मजुराच्या आवाक्यात आली.

तथापि हे कार्ड देशापुरते. समुद्रापलीकडचे काय? हिंदुस्थान १८७६ मध्ये जागतिक टपाल संघात सामील झाला व परदेशच्या पत्रांस नियमित दर लागू झाले. २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांस एक आण्यात पत्र जाऊ लागले. दर उतरला, पण काळ उतरला नाही. मुंबईहून आगबोटीने गेलेले पत्र विलायतेस पोहोचून त्याचे उत्तर येण्यास महिना-दीड महिना सहज लागे. त्या अवधीत लिहिणारा आजारी पडून बरा होई, अथवा बरा होत नसे. घरच्यांच्या हाती मात्र त्याची जुनीच खुशाली असे.

वेगाचे साधन होते ते तारेचे. आपल्या देशात तारायंत्र सर्वसामान्यांस १८५५ मध्ये खुले झाले. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून टाकलेल्या तारेने हिंदुस्थान युरोपास जोडला गेला आणि १८७० मध्ये मुंबईपासून एडनमार्गे विलायतेपर्यंत समुद्रतळाशी तार टाकण्यात आली. महिन्याचे काम काही तासांवर आले, पण कोणासाठी? १९०२ मध्ये विलायत व हिंदुस्थान यांमधील दर शब्दास चार शिलिंगांवरून अडीच शिलिंगांवर आला. त्या वेळच्या हुंडणावळीने अडीच शिलिंग म्हणजे एक रुपया चौदा आणे. १९०५ मध्ये दर दोन शिलिंग, म्हणजे दीड रुपया, झाला. शिवाय पत्त्याच्या व सहीच्या शब्दांचेही पैसे पडत. हिंदी पलटणीतील साध्या शिपायाचा मासिक पगार १९११ पासून अकरा रुपये होता. तेव्हा दहा शब्दांची तार पाठविण्यास पंधरा रुपये, म्हणजे महिन्याच्या पगाराहूनही अधिक रक्कम, मोजावी लागे. परदेशची तार ही पेढीवाल्यांची, वर्तमानपत्रांची आणि सरकारची वस्तू होती. गरिबाच्या घरी तार आलीच तर ती बहुधा मृत्यूचीच. म्हणूनच तारवाला दाराशी दिसताच, कागद उघडण्यापूर्वीच रडारड सुरू होई, हे जुन्या मंडळींस आठवत असेल.

याचा खरा प्रत्यय पहिल्या महायुद्धात आला. पुणे, सातारा, कोकण या भागांतील हजारो तरुण मराठा पलटणींतून समुद्रापार गेले. ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतके परत आले नाहीत’ अशा आशयाची संगमरवरी पाटी आपल्या मुलखातील अनेक गावांत आजही दिसते. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी ही फौज कुत-अल-अमारा येथे वेढली गेली व २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नान्न दशा होऊन तिला शरण जावे लागले. वेढा पडल्यावर नेहमीचे टपाल बंद पडले. छावणीत बिनतारी यंत्र होते व सेनापतीचे संदेश त्यावरून जात. पण शिपायाची खुशाली त्या यंत्रावरून जाण्याचा मार्ग नव्हता. पुढे कैदेत पडलेल्यांपैकी अनेकजण वाटेतच गेले. गावी वाट पाहणाऱ्या माउलीस आपण सधवा आहो की विधवा, हे महिनोन् महिने कळत नसे. संदेश महाग अथवा दुर्मिळ असणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

पत्र आले तरी अडचण संपत नसे. रणांगणावरील शिपाई बहुधा निरक्षर. तो पलटणीतील लिहिणाऱ्याकडून पत्र लिहवून घेई. ते सेन्सॉर वाची. गावी आले की मास्तर किंवा टपालवाला ते ओसरीवर मोठ्याने वाची व सारे घर ऐके. अशा रीतीने चार जणांच्या कानांतून गेलेल्या पत्रात पतीने पत्नीस काय लिहावे आणि पत्नीने काय उत्तर द्यावे? ‘सर्व खुशाल’ या दोन शब्दांच्या आड किती दुःख राहून गेले असेल, ते ईश्वरच जाणे. गंमत अशी की, फ्रान्समधील हिंदी सैनिकांच्या पत्रांतील जे उतारे सेन्सॉर खात्याने आपल्या अहवालांसाठी काढून ठेवले, ते आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जतन झाले आहेत. ज्यांनी संशयाने वाचले त्यांनी जपले. ज्यांच्यासाठी लिहिले होते, त्यांच्या घरी आज कागदाचा कपटाही राहिलेला नाही.

यानंतरचा प्रसंग आपल्या जिल्ह्यास अभिमानास्पद आहे, तितकाच अंतर्मुख करणाराही आहे. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते विलायतेशी ‘बीम’ बिनतारी तारसेवा सुरू झाली. आखूड लहरी चोहीकडे न फेकता एखाद्या झोताप्रमाणे एकाच दिशेने सोडावयाच्या, ही तिची युक्ती. त्यामुळे थोड्या विजेत व कमी खर्चात संदेश दूर जाई. संदेश सोडण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीस आणि घेण्याचे दौंडास होते; पलीकडे इंग्लंडात ग्रिम्सबी व स्केगनेस येथे त्यांची जोडकेंद्रे होती. मुंबईच्या तारघरात दिलेला संदेश खडकीस येऊन तेथून आकाशमार्गे जाई. समुद्रातील तारांच्या कंपन्यांस ही स्पर्धा जड गेली व अखेर १९३२ मध्ये हिंदुस्थानातील दोन्ही व्यवसाय एकत्र करण्यात आले. म्हणजे त्या काळी देशातून विलायतेस जाणारे संदेश भोरापासून फार दूर नसलेल्या खडकीच्या मनोऱ्यांवरून सुटत होते; पण आपल्या खेड्यांतील माणसास त्यांचा उपयोग शून्य. यंत्र जवळ असणे आणि ते आपले असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सर्वसामान्य कुटुंबाचा विचार दुसऱ्या महायुद्धात प्रथम झाला असे म्हणावे लागेल, आणि तोही सैन्याचे धैर्य टिकावे म्हणून. त्या वेळी दोन उपाय निघाले. एक म्हणजे पत्राचे सूक्ष्म छायाचित्र घेऊन केवळ फिल्म विमानाने न्यावयाची व पोहोचल्यावर ती मोठी करून कागदावर उतरवून वाटावयाची. दीड हजारांहून अधिक पत्रे या युक्तीने एका लहानशा रिळात मावत. दुसरा उपाय आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तार कंपनीने नेहमी लागणारी वाक्ये छापून प्रत्येकास क्रमांक दिला. सैनिकाने वा त्याच्या कुटुंबाने त्यांतील तीन वाक्ये निवडावयाची. तारेतून फक्त आकडे जात, पोहोचल्यावर त्यांची पुन्हा वाक्ये होत व सर्वांस ठराविक स्वस्त दर पडे. पुढे आपल्या टपालखात्याच्या शुभेच्छा-तारांतही हीच क्रमांकाची पद्धत होती व लग्नकार्यात ती घरोघर पोहोचली. माणसाच्या भावना छापील यादीत मावत नाहीत हे खरे. पण ‘मी बरा आहे’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी सारखेच असते, व तेवढे कळण्यासाठी आकडाही पुरतो.

स्वातंत्र्यानंतर चक्रे वेगाने फिरली. १९४७ मध्ये परदेश दळणवळण सरकारच्या हाती आले. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले. १९४९ पासून काही तारघरांतून देवनागरी लिपीत तारा घेतल्या जाऊ लागल्या. परदेशी असलेल्या आप्तांसाठी निळसर हवाई पत्र हे बराच काळ मध्यमवर्गाचे मुख्य साधन होते. त्याच्या कडेकडेनेही मजकूर लिहून जागा कशी वसूल केली जाई, हे अनेकांस स्मरत असेल. १९७१ च्या फेब्रुवारीत पुन्हा आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, उपग्रहाद्वारे परदेशाशी दळणवळण करणारे भूकेंद्र सुरू झाले. त्यास विक्रम साराभाई यांचे नाव आहे. पुढे रस्तोरस्ती दूरध्वनीची पिवळी केंद्रे आली. तेथे लोक परदेशी बोलताना ऐकणाऱ्याच्या आवाजापेक्षा समोरच्या धावत्या आकड्यांकडेच अधिक लक्ष देत.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पहिला लघुसंदेश एका मोबाइल दूरध्वनीवर गेला. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाइल सेवेचा आरंभ झाला. या लघुसंदेशाची मर्यादा रोमन लिपीत १६० अक्षरांची. देवनागरीत मात्र ती केवळ ७० चिन्हांची, कारण आपल्या लिपीच्या प्रत्येक चिन्हास अधिक जागा लागते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र मोजली जातात. ‘कामथडी’ या चार अक्षरांच्या नावास सहा जागा पडतात! मर्यादा ओलांडली की एकाचे दोन संदेश होऊन आकारणी दुप्पट. आपली मुले मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहू लागली, त्यामागे केवळ इंग्रजीचा मोह होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दराचा व साधनांच्या अडचणीचाही त्यात वाटा होता. पुढे २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले व इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशास शब्दाचा, अक्षराचा वा अंतराचा हिशेब उरला नाही. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. ज्या तारेने कित्येक घरांचा जीव टांगणीस लावला, तिच्या अखेरच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून तारा केल्या.

तथापि स्वस्ताई आपोआप पदरी पडत नाही. ती जाणून घ्यावी लागते. प्रथमच परदेशी निघालेल्या आपल्या वडील मंडळींसाठी दोन शब्द. येथील सिमकार्डावर परदेशात इंटरनेट तसेच चालू राहिल्यास, योजना घेतलेली नसल्यास, मोठे बिल येऊ शकते; म्हणून निघण्यापूर्वी ती सोय बंद करावी, अथवा प्रवासापुरती योजना घ्यावी. विमानतळावर व मुक्कामी मिळणाऱ्या वायफायवरून संदेश पाठवावा. तेथील सिमकार्ड घेतले तरी व्हॉट्सॲप जुन्या क्रमांकावर चालू ठेवता येते. काही आखाती देशांत इंटरनेटवरून बोलण्यास निर्बंध असतात. तेथे लेखी संदेश कामी येतो. बँकेचे सांकेतिक आकडे येथील क्रमांकावरच येतात, हेही विसरू नये. ज्या आजीस लिहिता येत नाही, तिला आपला आवाज मुद्रित करून पाठविण्यास नातवाने शिकवावे. ओसरीवर मास्तरांकडून पत्र वाचवून घेणाऱ्या तिच्या आजीस जे लाभले नाही, ते एकांताचे बोलणे तिला आज लाभू शकते.

शेवटी एक विनंती. पत्र महाग होते तेव्हा ते जपले जाई. आता संदेश फुकट झाला आणि यंत्र बदलले की सारा पुसला जातो. आपल्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, देवघराच्या फडताळांत जुनी पोस्टकार्डे, युद्धातील पत्रे, हवाई पत्रे, तारा असतील तर त्या रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रे काढावी, तारीख व नाव लिहून ठेवावे व शक्य तर एक प्रत आपल्या मंडळाकडे द्यावी. मुलांच्या संदेशांतूनही वर्षातून चार-दोन निवडून वहीत उतरवून ठेवावे. आपल्या सैनिकांचे शब्द परक्या सेन्सॉरच्या दप्तरात शिल्लक राहावे आणि आपल्या घरी न राहावे, हा प्रकार एकदा घडला तो पुरे. येथील कुशल आहे. स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि लिहिलेले जपावे.