मुंबईचा लाल समुद्र आणि एका डॉक्टरची नोंद



सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना डुमस-हजिऱ्याचा समुद्र ठाऊक आहे तो मातकट. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीच्या ओढीने गाळ सतत ढवळला जातो, उजेड खोल शिरत नाही आणि उजेडावाचून पाण्यातले सूक्ष्म शैवाल फारसे माजत नाही. त्यामुळे समुद्राचा रंग एकाएकी पालटतो, हे आपल्याला नवलाचे वाटते. मुंबईत मात्र ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. लिहिणारे डॉक्टर होते, म्हणून मला तिचे अगत्य.

हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतले सर्जन. त्यांना सूक्ष्मदर्शकाचा नाद होता. 1858 मध्ये त्यांनी मुंबई बेटाभोवतीच्या समुद्राला लाल रंग कशाने येतो, यावर इंग्लंडच्या एका नियतकालिकात टिपण छापले. रंगाचे मूळ त्यांना एका एकपेशीय जीवात सापडले. त्याला त्यांनी नाव दिले पेरिडिनियम सँग्विनियम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ रक्तासारखा लाल. दर्याचा कोप म्हणून हात जोडावेत अशी ती घटना, पण कार्टरांनी तिची तपासणी केली आणि केसपेपर लिहून ठेवला.

पुढची महत्त्वाची नोंद जेम्स हॉर्नेल यांची. बडोद्याशी नाते असलेल्यांना हे नाव जवळचे वाटावे. ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारसाठी तिथल्या सागरी जीवांचा अहवाल हॉर्नेल यांनीच तयार केला. तो 1909 आणि 1916 मध्ये दोन भागांत निघाला. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात काम करताना त्यांनी 1908 मध्ये मलबार किनाऱ्यावर मासळी मोठ्या प्रमाणात मरताना पाहिली. तिचा दोष त्यांनी पाण्यात माजलेल्या एका सूक्ष्म जीवाकडे दिला आणि 1917 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. 1954 मध्ये आर. सुब्रह्मण्यन यांनी त्याच किनाऱ्यावर पाणी हिरवे करून मासे मारणाऱ्या जीवाचे सविस्तर वर्णन केले आणि हॉर्नेल यांच्या सन्मानार्थ त्याला ‘हॉर्नेलिया मरिना’ म्हटले. आज तो ‘चॅटोनेला’ या नावाने ओळखला जातो. त्याच्याच एका भावंडाने 1972 मध्ये जपानच्या आतल्या समुद्रात पाळलेले सुमारे 1 कोटी 40 लाख मासे मारले.

मासे मरतात कसे? काही शैवाल कल्ल्यांना इजा करते, म्हणजे मासा पाण्यात असूनही गुदमरतो. काही वेळा माजलेले शैवाल मरून कुजू लागते आणि त्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो. पळू शकणारे मासे निसटतात, तळाशी राहणारे खेकडे आणि शिंपले अडकतात. तिसरा प्रकार विषाचा. शिंपले पाणी गाळून खातात, तेव्हा विषारी पेशी त्यांच्या अंगात साठतात; शिंपला स्वतः बहुधा धडधाकट दिसतो, बाधा होते ती खाणाऱ्याला. 1997 मध्ये केरळात विळिंजम परिसरात असे शिंपले खाऊन सात माणसे दगावली. आधी ओठ-जीभ बधिर होतात, मग हातपाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. शिजवल्याने हे विष जात नाही आणि त्याला उताराही नाही. रुग्णाचा श्वास चालू ठेवणे हाच इलाज. तेव्हा घरगुती औषधात, अगदी माझ्या गोळ्यांतही, वेळ न दवडता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आता अलीकडचे. 2020 च्या नोव्हेंबरात जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या आणि लोक मोबाइल घेऊन धावले. अशी चमक बहुतेक वेळा नॉक्टिलुका या जीवाची असते. गेल्या पंचवीस वर्षांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे हिरवे थर दूरवर पसरताना दिसू लागले. पूर्वी तिथे डायटम नावाच्या शैवालाचे राज्य होते आणि त्यावर माशांची अन्नसाखळी उभी होती. नॉक्टिलुका डायटम खातो, आणि त्याला खातात मुख्यतः जेलीफिश आणि साल्प. कमी प्राणवायूचे पाणी वर पसरल्याने हा बदल झाला, असे 2014 मध्ये काही संशोधकांनी मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही. वाद मिटवायला जुन्या नोंदी लागतात, आणि त्याच आपल्याकडे तुटपुंज्या आहेत.

मी जैन घरातला. माशांशी माझा ताटाचा संबंध नाही. पण पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, हे आमच्याकडे पाणी गाळताना मुलांना सांगतात. कार्टर आणि हॉर्नेल यांनी तो थेंब निरखला आणि तारखेसह लिहिला. आपली मुले-नातवंडे मुंबई, कोकण, दीव-दमणला जातात. समुद्र लाल, हिरवा किंवा चमकता दिसला, तर फोटोबरोबर तारीख, जागा आणि मेलेली मासळी दिसली का, एवढे टिपून मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे. तिथल्या कोळ्यालाही विचारावे; त्याने ते आपल्या आधी पाहिलेले असते. आणि त्या पाण्यातले शिंपले, तिसऱ्या, कालवे त्या दिवसांत घरी आणू नयेत.