तीस पौंडांचे तीन पौंड

पंक्चरच्या दुकानासमोर गाडी उभी केली, की पहिला प्रश्न येतो, ‘‘हवा किती पौंड?’’ आपण सवयीने ‘‘तीस’’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. आज ज्या गाड्यांची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांचे चालक या प्रश्नाला कधी कधी ‘‘तीन’’ असे उत्तर देतात. तीसवरून तीनवर यायला माणसाला बरीच वर्षे लागली. त्या प्रवासाची ही हकिकत.

तिची सुरुवात होते १९०८ मध्ये. अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुव गाठण्यासाठी अंटार्क्टिकाला निघाला, तेव्हा त्याने सोबत अ‍ॅरोल-जॉन्स्टन कंपनीची एक मोटार नेली. त्या खंडावर उतरलेली ही पहिली मोटार. गोठलेल्या समुद्राच्या कठीण बर्फावर ती बरी चालली. पण भुसभुशीत हिमात शिरली, की चाके जागच्या जागी गरगर फिरत आणि आणखी खोल रुतत. अखेर मोटार मागे ठेवून तट्टे आणि माणसांच्या खांद्यावरचे दोर यांच्यावर भरवसा ठेवावा लागला. जानेवारी १९०९ मध्ये ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना शॅकल्टन माघारी फिरला.

पुढे पन्नास वर्षे सर्वांचे मत एकच होते : बर्फावर चाक चालत नाही. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवरून. त्या ट्रॅक्टरच्या चाकांवर मात्र रणगाड्यासारखे पट्टे चढवलेले होते. चाकांनी तिथे हार मानली होती, असेच म्हणायला हवे.

चाकाला न्याय मिळाला तो आइसलँडमध्ये. या छोट्या देशाचा काही भाग हिमनद्यांनी व्यापला आहे आणि त्यांतली सर्वांत मोठी वात्नायोकुल. १४ सप्टेंबर १९५० रोजी ‘गेसिर’ नावाचे मालवाहू विमान या हिमनदीवर कोसळले. आतली सहाही माणसे वाचली होती, पण त्यांच्यापर्यंत जायचे कसे? स्की बसवलेले एक अमेरिकी डाकोटा विमान जवळ उतरले खरे, पण त्याला पुन्हा उडता येईना! शेवटी अकुरेरी गावच्या माणसांनी हिमनदीच्या कडेपर्यंत गाड्या नेल्या आणि पुढची वाट स्कीवरून आणि पायी तुडवून सहाही जणांना खाली आणले. गाडीची सत्ता बर्फाच्या कडेला संपत होती, हे त्या दिवसांत साऱ्या देशाने पाहिले.

महायुद्धानंतर तिथे जीपगाड्या खूप आल्या होत्या. हौशी मेकॅनिक गॅरेजात त्यांच्यावर प्रयोग करत राहिले. त्यातून १९८०च्या दशकात एक गोष्ट पक्की झाली. जोर वाढवून उपयोग नाही, भार पसरवला पाहिजे. मोठे टायर घालायचे आणि बर्फाशी पोहोचल्यावर त्यांतली हवा चक्क सोडून द्यायची.

हा हिशेब शाळकरी मुलालाही समजेल. अडीच टनांच्या गाडीच्या एका चाकावर साधारण सव्वासहाशे किलो, म्हणजे सुमारे १,३७५ पौंड भार येतो. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० पौंड हवा असेल, तर तो जमिनीला सुमारे ४६ चौरस इंच टेकतो, म्हणजे शाळेच्या वहीच्या एका पानाएवढा. हवा ३ पौंडांवर आणली, तर कागदावर हाच आकडा दसपट होतो. टायरची भिंतही थोडा भार पेलते, म्हणून प्रत्यक्षात तो काहीसा कमी असतो. तरीही वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानाएवढी जागा धरायला हरकत नाही. चालताना माणसाचा सारा भार एका बुटावर येतो. त्या बुटाखालच्या दाबापेक्षा या गाडीचा दाब जास्त नसतो! शिवाय उंच टायर बसला, की त्याचा ठसा रुंदीपेक्षा लांबीने वाढतो. हिलरीने पट्ट्यांकडून जे काम करून घेतले, तेच आता टायर करू लागले.

पण टायर निवडणे म्हणजे केवळ मोठा टायर उचलून आणणे नव्हे. आइसलँडच्या मोठ्या गाड्यांचा टायर ४४ इंच उंच असतो, पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. तो मावावा म्हणून मडगार्ड कापतात आणि गाडीची बॉडी उचलतात. आपल्याकडे अनेकांची समजूत असते, की गाडी उचलली म्हणजे दगडधोंड्यांची भीती गेली. तसे नाही. बॉडी उचलली तरी अ‍ॅक्सल होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर. ३० इंचांऐवजी ४४ इंची घातला, की अ‍ॅक्सल सात इंच वर जातो. म्हणजे टायर हा मालक आणि बॉडीची उंची त्याची चाकर.

रिमचेही तसेच. शहरात मोठी चकचकीत रिम आणि बारीक टायर ही फॅशन. बर्फावर नेमके उलटे. अशा मोठ्या टायरला १५ इंचांची, पण चांगली रुंद रिम घालतात, म्हणजे दबायला रबराची उंच भिंत मिळते. हवा कमी असताना टायर रिमवरून निसटू नये म्हणून त्याची कड आवळून धरण्याची सोयही करावी लागते.

या साऱ्याची किंमतही मोजावी लागते. मोठे चाक एका फेऱ्यात जवळजवळ दीडपट अंतर कापते. गिअरचे प्रमाण बदलले नाही, तर इंजिन धापा टाकते. स्पीडोमीटरही फसवतो : काटा ६० दाखवत असताना गाडी ८८च्या वेगाने पळत असते. ब्रेकवर ताण येतो, गाडी उंचावल्यामुळे वळणावर कलंडायचा धोका वाढतो. आणि डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे. नाही तर टायर तापून फुटतो. म्हणून गाडीतच कॉम्प्रेसर ठेवतात.

या कथेचा एक धागा आपल्या शेजारच्या गोव्यातही येतो. वास्कोला भारताचे अंटार्क्टिक संशोधन केंद्र आहे. त्याचे तेव्हाचे संचालक डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांची तुकडी १३ नोव्हेंबर २०१० रोजी ‘मैत्री’ या आपल्या तळावरून निघाली आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर कापून २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोहोचली. वाटेत शास्त्रज्ञांनी बर्फाचे नमुने घेतले. त्यांच्या चार गाड्या आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्स कंपनीने तयार केल्या होत्या : उचललेल्या, ४४ इंची टायरच्या आणि हवा सोडलेल्या. शॅकल्टनची मोटार जिथे रुतली, त्या खंडावर शंभर वर्षांनी चाकानेच भारतीयांना ध्रुवावर नेले.

आपल्याकडेही आता सह्याद्रीच्या चिखलात उंच गाड्या दिसतात. हौस जरूर करावी. मात्र कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, याचे भान असावे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. ज्या आइसलँडने ही विद्या जगाला दिली, तिथे गोठलेल्या, हिमाच्छादित जमिनीवर गाडी नेता येते. पण उघड्या जमिनीवर रस्ता सोडून चाक घालणे हा गुन्हा आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेले चाकोरे बुजायला कित्येक दशके जातात.

भार हलका करून जमिनीवरून जावे, हेच तर त्या तीन पौंडांचे सांगणे होते. पुढच्या वेळी दुकानदाराने ‘‘किती पौंड?’’ विचारले, की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावे आणि आपल्याला नेमके कुठे जायचे आहे, ते आठवावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)