चाकांची वहिवाट

मोटारसायकल हे रस्त्याचे वाहन, अशी आपली समजूत असते. पण हे वाहन जन्माला आले तेव्हा त्याच्या वाट्याला रस्ते कसे आले होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्क्या सडका थोड्या. चिखलाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटाच फार. यंत्राची पारख करावयाची तर त्याला अशाच वाटेने न्यावे लागे. आडरानात मोटारसायकल हाकण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याचे मूळ या पारखीत आहे.

इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात शिप्ली येथे आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचा मोटारसायकलींचा कारखाना होता. कारखान्यातून निघून डोंगरदऱ्या आणि ओढे ओलांडीत बर्न्सॉल हे गाव गाठावे, असे आव्हान त्यांनी १९१४ साली आपल्या कामगारांना दिले. ज्यांनी यंत्र घडविले त्यांनीच ते पारखून पाहावे, अशी ही योजना होती. पुढे दक्षिणेकडील हौशी मंडळींनी हाच प्रकार उचलला. पण कौशल्याचे गुण वगळून केवळ वेगावर भर दिला. नियामक संस्थेने अशा शर्यतीला ‘ट्रायल’ म्हणू देण्यास नकार दिला. तेव्हा १९२४ साली कॅम्बर्लीच्या माळावर ती ‘स्क्रॅम्बल’ या नव्या नावाने भरली. परीक्षेचा खेळ झाला तो असा.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातील मोटारसायकली मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर हा खेळ कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटाला परिचित झाला. तेथे ना कुंपण, ना पीक, ना माणसांची वर्दळ. १९६८ साली यामाहा या जपानी कंपनीने डी-टी-१ नावाची हलकी मोटारसायकल अमेरिकेच्या बाजारात आणली. ती सडकेवरही चाले आणि रानातही. आतापर्यंत निष्णातांपुरता असलेला हा छंद तिच्यामुळे साध्या पगारदाराच्याही आवाक्यात आला.

या वाळवंटातील बार्स्टो गावापासून लास व्हेगासपर्यंत १९६७ साली एक शर्यत सुरू झाली. शेकडो स्वार एका लांबच लांब ओळीत उभे राहत आणि दूरवर दिसणाऱ्या धुराच्या रोखाने एकदम सुटत. त्या क्षणी कोणाच्याही पुढे आखलेली वाट नसे, आणि यातच त्याचा सारा आनंद होता. १९७४ साली स्वारांची संख्या सुमारे तीन हजारांवर गेली. दुसऱ्या वर्षी सरकारने परवानगी नाकारली.

नकाराचे कारण त्या भूमीच्या स्वभावात आहे. मोहावीत पाऊस अत्यल्प, आणि मातीवर एक नाजूक पापुद्रा असतो. तो एकदा मोडला की वारा माती उडवून नेतो, आणि झुडूप पुन्हा रुजण्यास अनेक दशके लागतात. १९४२ साली जनरल पॅटन यांनी याच प्रदेशात सैन्याला वाळवंटी युद्धाचे शिक्षण दिले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या तेथे आजही ओळखू येतात. आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढणाऱ्या तेथील कासवाला तर चाकांपासून पळण्याइतकीही गती नाही.

१९७१ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा वाहनांच्या नोंदणीची, आणि त्या शुल्कातून त्यांच्यासाठी मार्ग राखण्याची सोय केली. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आज्ञा काढली, की सरकारी भूमीवर अशा वाहनांना कोठे मुभा आणि कोठे मनाई हे ठरवून द्यावे. शर्यत १९८३ साली पुन्हा सुरू झाली आणि १९८९ नंतर कायमची थांबली. १९९० साली मोहावीचे कासव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आले. खुद्द इंग्लंडातही जुन्या घोडागाड्यांच्या वाटांवर मोटारसायकलवाले हक्क सांगत आले होते. २००६ च्या कायद्याने तेथील अनेक अनोंदलेल्या वाटांवरचा तो हक्क संपुष्टात आला.

आपल्याकडे ‘वहिवाट’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या पावले पडत राहिली की वाट होते, आणि वाटेचा हक्कही होतो. पावलांनी मळलेली वाट घडण्यास वर्षे लागतात. त्या अवधीत भूमी, झाडे आणि शेजारी तिला सरावतात. हजारो चाकांना मात्र एक सकाळ पुरते. या छंदाच्या इतिहासातला खरा झगडा हौस आणि कायदा यांच्यातला नसून या दोन गतींमधला आहे. नेमून दिलेल्या वाटेने जाणारा आजचा स्वार काही आनंद गमावतो, हे खरेच. परंतु आपल्या मागून येणाऱ्यासाठी तो वाट शिल्लक ठेवतो.