मौलाना आझादांची पुस्तके

दरवर्षी ११ नोव्हेंबरला शाळांतून शिक्षण दिन साजरा होतो आणि वक्ते मौलाना आझादांच्या स्मरणशक्तीचे दाखले देतात. उर्दू शाळेत तर हमखास. कैदेत आपला ग्रंथसंग्रह जवळ नसताना मौलानांनी 'गुबार-ए-खातिर' लिहिले, फारसी-उर्दूचे शेकडो शेर आठवणीतून उतरवले, असे सांगितले की टाळ्या पडतात. गोष्ट खरी आहे. पण ही स्मरणशक्ती घडली कशी, हे कोणी मुलांना सांगत नाही.

९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत अटक झाली आणि काँग्रेस कार्यसमितीची मंडळी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात आणली गेली. मौलानांचे घर आणि किताबे कलकत्त्यात. १९४३च्या एप्रिलमध्ये बेगम जुलेखा तिकडेच वारल्या, शेवटची भेटही झाली नाही. त्या काळात मौलाना पहाटे उठून स्वतःच चहा करत आणि पत्रे लिहीत. पत्रे होती मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे. धाडण्याची सोय नव्हती, ती पडून राहिली आणि १९४६ साली पुस्तकरूपाने आली. हे शेरवानी म्हणजे अलीगढकडच्या हबीबगंजचे रईस, आयुष्यभर दुर्मिळ हस्तलिखिते जमवणारे. आपल्या किताबांपासून तुटलेला माणूस किताबांनी घर भरलेल्या दोस्ताला लिहीत होता. मला यात निव्वळ योगायोग दिसत नाही.

आता त्या शेरांविषयी. साहित्य अकादमीसाठी मलिक राम यांनी 'गुबार-ए-खातिर'ची आवृत्ती तयार केली, ती १९६७ साली निघाली. कुठला शेर कोणाचा, मूळ दीवानात तो कसा आहे, हे त्यांनी चिकाटीने शोधले. काही ठिकाणी मौलानांचा पाठ मुळापेक्षा थोडा वेगळा निघाला. आठवणीतून लिहिणाऱ्याचे असे होणारच, त्यात कमीपणा कसला? पण पडताळायला शेवटी दीवानच उघडावे लागले. आपल्या भाषणांत मौलाना असतात, मलिक राम कधीच नसतात.

त्याच किल्ल्यात १९४४ साली नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला. प्रस्तावनेत त्यांनी कैदेतल्या सोबत्यांचे आभार मानले आहेत. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली यांचे खास नाव घेऊन. कपाट नव्हते तिथे ही माणसेच संदर्भग्रंथ झाली होती.

या लोकांनी एवढे डोक्यात साठवले कसे, याचे उत्तर निदान मौलानांच्या बाबतीत दिल्लीत आहे. १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली, मौलाना तिचे पहिले अध्यक्ष. त्यांचा खाजगी संग्रह तिच्या ग्रंथालयात गेला. आझाद भवनातला हा विभाग 'गोशा-ए-आझाद' म्हणून ओळखला जातो. मौलाना वाचताना पुस्तकाच्या समासात लिहीत. कुठे लेखकाशी असहमती, कुठे दुरुस्ती, कुठे दुसऱ्या ग्रंथाचा हवाला. या टिपा गोळा करून 'हवाशी-ए-अबुल कलाम आझाद' असे स्वतंत्र पुस्तकच निघाले आहे. शेर तोंडपाठ होते ते असे, किताबेशी हुज्जत घालत वाचल्याने. वर्गात पाठांतर घेताना मला हे समास हटकून आठवतात.

आपल्या घरांत काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दादा मराठी-उर्दू दोन्ही वाचणारे, नातवंडांना उर्दू लिपी येत नाही. दादांच्या लुगात, तफसीर, दीवान रद्दीत द्यायला मन धजत नाही, कारण अक्षर अरबीसारखे. मग गोणी बांधून माळ्यावर. अदब राहतो, पण समासात दादांनी पेन्सिलीने काय लिहिले होते ते वाळवीच वाचते. निदान गोणी बांधण्याआधी कोणा उर्दू शिक्षकाला बोलवा, यादी तरी होईल.

शेरवानींच्या घरच्यांनी हबीबगंजचा संग्रह अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला दिला. आज तो तिथल्या ग्रंथालयात आहे. त्या ग्रंथालयाचे नाव मौलाना आझाद लायब्ररी.