कप्तान बाहेर बसला होता

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, तो पेठेचा मानापमान आहे. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशीच्या हजेरीपटावरसुद्धा त्याची सावली पडते; कुणाची आजी आजारी पडते, कुणाच्या पोटात दुखते. अलीकडच्या काही वर्षांत पेठांच्या संघांतून आफ्रिकेतले खेळाडूही खेळून गेले. त्यांची नावे उच्चारताना आमच्या मंडळींची जीभ अडखळली, पण त्यांच्या पायांतली कला ओळखायला कुणाला दुभाषा लागला नाही.

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला नकाशे फार आवडतात. त्या खेळाडूंची गावे शोधण्यासाठी मी आफ्रिकेचा नकाशा उघडला आणि शोधता शोधता अबेदी अयू या माणसापाशी येऊन थांबलो. थांबण्याला एक खाजगी कारण होते. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेचा संघ माझ्याकडे होता. न सांगता तीन दिवस गैरहजर राहील त्याने पुढचा सामना खेळायचा नाही, हा नियम मीच केलेला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्या नियमात सापडला तो आमचा सगळ्यांत गुणी पोरगा, मध्यफळीतला कणा. मी नियम पाळला. पोरगा दोरीबाहेर बसला, मांडीवर गणवेशाची घडी घेऊन. आम्ही हरलो. तो एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला आजवर खुपते.

आता अबेदीकडे वळू. त्याचा जन्म ५ नोव्हेंबर १९६४ चा, घानामधल्या किबी गावचा. पोराचा खेळ पाहून लोकांनी ब्राझीलच्या पेलेचे नाव त्याच्या नावाला जोडले आणि ते कायमचे चिकटले. अशी उसनी नावे बहुधा माणसाला पेलत नाहीत, याला पेलले. घानाच्या संघाला ‘ब्लॅक स्टार्स’ म्हणतात, म्हणजे काळे तारे. मार्कस गार्वीने विसाव्या शतकाच्या आरंभी काळ्या लोकांची म्हणून जी जहाज कंपनी काढली तिच्या नावातला हा तारा. १९५७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तो झेंड्यावर चढला आणि तिथून खेळाडूंच्या नावात आला. एन्क्रूमांच्या राजवटीत या संघाने १९६३ आणि १९६५ असा दोनदा आफ्रिकेचा चषक जिंकला. नव्या देशाला आपण कुणीतरी आहोत हे जगाला दाखवायचे होते, आणि चेंडू हे त्यातले स्वस्त साधन होते.

अबेदी संघात आला तेव्हा मात्र दिवस फिरले होते. ३१ डिसेंबर १९८१ ला लष्करातल्या रॉलिंग्ज यांनी सत्ता घेतली, आणि तीन महिन्यांच्या आत संघ चषकासाठी लिबियाला गेला. संघाचे गुरू होते सी. के. ग्यामफी, आधीचे दोन्ही चषक ज्यांच्या हाताखाली आले तेच. त्रिपोलीत यजमान लिबियाशीच अंतिम सामना पडला, बरोबरीत सुटला, आणि पेनल्टीच्या मोजदादीत घाना ७–६ ने जिंकला. त्या संघात सतरा वर्षांचा अबेदी होता. सतराव्या वर्षी आफ्रिकेचा विजेता! अशा पोराला वाटणारच की असे चषक दर दोन वर्षांनी मिळत असतात. १९८२ नंतर घानाला तो चषक पुन्हा मिळालेला नाही.

देशात खायची भ्रांत पडली होती. १९८३ साली दुष्काळ पडला, वणवे लागले, आणि त्यातच शेजारच्या नायजेरियाने घालवून दिलेली लाखो माणसे बोचकी घेऊन परत आली. पायात कला असलेला पोरगा अशा वेळी बाहेर पडणार नाही तर काय करील? अबेदी कतारला गेला, स्वित्झर्लंडला गेला, बेनिनमध्येही खेळला. मग फ्रान्समध्ये नियॉर, म्यूलूझ अशा लहान गावांचे संघ. १९८७ मध्ये मार्सेयसारख्या बड्या संघाने त्याला घेतले, आणि पुढे उसना म्हणून लीलला देऊन टाकले. त्या काळी परदेशी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असे, आणि मार्सेयला परदेशी नामवंतांची ददात नव्हती. लीलमध्ये दोन वर्षे काढून १९९० मध्ये तो परत आला तो पाय रोवूनच. पुढे पापँ, डावीकडून-उजवीकडून वॅडल आणि हा, असे त्रिकूट जमले. १९९१ मध्ये मार्सेय युरोपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि बारी शहरात रेड स्टार बेलग्रेडकडून पेनल्टीवर हरले. पेनल्टी या गोष्टीने या माणसाच्या आयुष्यात किती वेळा हात घातला आहे, ते पुढे दिसेलच.

१९९२ चा जानेवारी. आफ्रिकेचा चषक सेनेगलमध्ये होता. अबेदी आता घानाचा कप्तान आणि सबंध खंडातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. उपांत्य सामना नायजेरियाशी. नायजेरियाने आधी गोल केला. मग अबेदीने, तो काही ताडमाड उंच नव्हे, डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. पुढे पॉलीने दुसरा गोल केला आणि घाना अंतिम फेरीत गेला. पण त्याच सामन्यात पंचांनी अबेदीला पिवळे कार्ड दाखवले. आधीचे एक होतेच. दोन पिवळी कार्डे झाली की पुढचा सामना बंद, असा नियम, आणि पुढचा सामना म्हणजे अंतिम सामना!

२६ जानेवारीला डाकारमध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट समोरासमोर आले. कप्तान बाहेर. पूर्ण वेळ संपला, जादा वेळ संपला, एकही गोल झाला नाही. पेनल्टी सुरू झाल्या त्या संपेचनात. पाच-पाच झाल्या, मग एकेक. अकराही जण संपले, गोलरक्षकांनीही मारल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. चोविसाव्या फटक्याला घानाच्या बाफोचा चेंडू ग्वामेने या गोलरक्षकाने अडवला. ११–१०. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती बाहेर बसलेल्या अबेदीची! वाचकहो, ते बक्षीस हातात घेताना माणसाला काय वाटत असेल, याचा मी बराच विचार केला आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला अशा जागी दोन पाने लिहिण्याचा मोह होतो. पण मला आठवते ती मांडीवरची घडी, आणि मी लेखणी आवरतो.

पुढच्याच वर्षी दैवाने थोडी भरपाई केली. २६ मे १९९३, म्युनिक, युरोपचा अंतिम सामना, समोर मिलानचा दांडगा संघ. मार्सेयच्या बोलीचा गुडघा दुखत होता. त्याला बाहेर यायचे होते, पण वरून निरोप आला की थांब. मध्यंतर तोंडावर आले असताना मार्सेयला कॉर्नर मिळाला. चेंडू ठेवला अबेदीने. त्याने तो असा वळवून दिला की दुखऱ्या गुडघ्याच्या बोलीने उडी घेऊन डोक्याने जाळ्यात घातला. १–०. फ्रान्सच्या कुठल्याही संघाने तोवर हा चषक जिंकला नव्हता.

आणि मग घाण वर आली. त्या सामन्याच्या सहा दिवस आधी वॅलेंसियेनच्या खेळाडूंनी जपून खेळावे म्हणून मार्सेयच्या बाजूने पैसे पोचवले गेले होते. ते एका बागेत पुरलेले सापडले. मार्सेयचे त्या वर्षीचे फ्रान्सचे अजिंक्यपद काढून घेतले, संघाला खालच्या वर्गात ढकलले, अध्यक्ष तापी पुढे तुरुंगात गेले. युरोपचा चषक तेवढा राहिला. अबेदी लियोंला गेला, तिथून इटलीत तोरिनोला, मग जर्मनीत म्युनिकला, शेवटी आखातातल्या अल ऐनला. १९९१ ते १९९३ अशी तीन वर्षे लागोपाठ फ्रेंच नियतकालिकाने त्याला आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. विश्वचषकात मात्र तो एकदाही खेळला नाही. घानाच तिथे प्रथम पोचला तो २००६ मध्ये. त्या काळी सबंध आफ्रिका खंडाला विश्वचषकात जागा होत्या दोन, नंतर तीन. एवढ्या अरुंद दारातून कितीजण आत जाणार?

इथे गोष्ट संपती तर बरे होते. पण अबेदीला मुलगे आहेत. आंद्रे आणि जॉर्डन, दोघेही फ्रान्समध्ये जन्मलेले, दोघेही घानाकडून खेळलेले. आंद्रे २०१० च्या विश्वचषकात होता. घाना उपउपांत्य फेरीत गेला. त्याच्या पलीकडे आफ्रिकेचा कुठलाही संघ तोवर गेलेला नव्हता. समोर उरुग्वे. आणि आंद्रे कुठे? बाहेर! दोन पिवळी कार्डे. अठरा वर्षांनी तोच नियम, तेच घराणे. शेवटच्या क्षणी गोलात जाणारा चेंडू सुआरेझने हाताने अडवला, मिळालेली पेनल्टी ग्यानने आडव्या खांबावर मारली, आणि मग पेनल्टीच्या मोजदादीत घाना ४–२ ने हरला.

८ फेब्रुवारी २०१५. बाता शहर, आफ्रिकेचा अंतिम सामना, पुन्हा घाना आणि आयव्हरी कोस्ट, पुन्हा गोलशून्य. या वेळी मुलगे दोघेही मैदानात होते. पहिल्या दोन पेनल्टी आयव्हरी कोस्टने घालवल्या. घाना जिंकल्यातच जमा. मग घानानेही दोन घालवल्या आणि गाडी पुन्हा गोलरक्षकांपर्यंत गेली. घानाच्या गोलरक्षकाची पेनल्टी बॅरीने अडवली, आणि त्यानेच उठून शेवटची मारली. ९–८. आंद्रे मैदानावर रडला.

तो माझा पोरगा आता शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहे. परवा चौकात भेटला. चहा घेता घेता मी त्याला ही सारी हकीगत सांगितली. कशासाठी सांगतो आहे ते मात्र सांगणे जमले नाही. त्याने ऐकून घेतले, कप खाली ठेवला.

“सर, त्या शेवटच्या टायमाला त्या दोघा पोरांस्नी पेनल्टी मारायला मिळाली न्हवं?”

“मिळाली. दोघांनीही गोल केले.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि चहाचे पैसे मला देऊ न देता पाळीवर निघून गेला.