तोरणमाळचा यशवंत तलाव

सुट्टी म्हटली की सुरतेतली आपली मंडळी सापुताऱ्याची वाट धरतात. तिथला तलाव मानवनिर्मित आहे. खानदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांच्या मुलखातला, नैसर्गिक म्हणून ओळखला जाणारा डोंगरमाथ्यावरचा यशवंत तलाव मात्र मुलांनी बहुधा पाहिलेला नसतो. म्हणून ही माहिती.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव (अक्राणी) तालुक्यात, सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. १९९८ पूर्वीचा हा धुळे जिल्हा. माथ्यावर काळ्या बेसाल्ट खडकाचे पठार असून त्याच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साठून तलाव झाला आहे. जवळच कमळांचा लहान तलाव, आणि सीताखाई ही खोल दरी, जिथे पावसाळ्यात धबधबा कोसळतो. तोरण नावाच्या काटेरी झाडावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा समाजाची. गोरक्षनाथांच्या मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मच्छिंद्रनाथांची गुहाही पाहण्यासारखी आहे.

जंगलात बिबट्या, अस्वल आहेत. पण खरा मानकरी रानपिंगळा. घराजवळ दिसणाऱ्या पिंगळ्याचा हा भाऊबंद, मात्र डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि शिकार करतो तीही दिवसा. १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नाही. १९१४ मध्ये तो आपल्याच सुरत जिल्ह्यातल्या तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याची नोंद कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने केली होती, त्यामुळे तिकडेही शोध झाला. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता. आम्ही आयुष्यभर व्हाउचर तपासली, तरी इतकी जुनी खोटी नोंद कधी हाती लागली नाही! खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावांवरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा पुन्हा दिसला. नंतर तोरणमाळच्या राखीव जंगलातही त्याची नोंद झाली.

घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. लाकूडतोड आणि शेतीसाठी होणारी जंगलसफाई यांमुळे त्याच झाडांवर संक्रांत येते. त्यामुळे तो आजही संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. बेचकी, फटाके, मोठ्याने लावलेली गाणी कृपया घरी ठेवावीत. प्लास्टिकचा कचरा तलावाकाठी टाकू नये. तिथला पाऊस वर्षातले चारच महिने, उरलेले दिवस साठलेल्या पाण्यावरच काढायचे.

जाण्यासाठी सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार गाठावे. तिथून प्रकाशामार्गे शहादा, आणि शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर. प्रकाशाला तापीकाठची मंदिरे पाहून घ्यावीत. शेवटचा टप्पा सात पायरी घाटाचा, वळणे अवघड. भर पावसात दरड कोसळण्याचा धोका असतो, म्हणून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते डिसेंबर, जावे. उन्हाळ्यात तलाव आटलेला पाहून मुले हिरमुसतात. मुक्कामाची सोय मर्यादित असल्याने आरक्षण आधी करावे. पेट्रोल शहाद्यालाच भरावे, रोख रक्कमही तिथेच काढावी. वर गेल्यावर एटीएमवर विसंबून राहू नये, हे बँकवाल्यांचे सांगणे. थंडीत संध्याकाळनंतर स्वेटर, कानटोपी लागतेच.