कायद्याचा विचार आणि आपला वारसा



“सर, कायदा इंग्रजांनीच आणला ना?” असा प्रश्न नाहूरच्या एका विद्यार्थ्याने मला विचारला. आपणांपैकी पुष्कळांचा असाच समज असेल. आजची कोर्टे व वकिलांचे काळे डगले त्यांनी आणले, हे खरे. परंतु कायदा म्हणजे काय आणि तो येतो कोठून, याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार आधी केला होता.

इंग्रज पंडित जॉन ऑस्टिन यांनी १८३२ साली कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, असे मांडले. त्याच्या हजार वर्षे आधी इमाम शाफिई (निधन इ. स. ८२०) यांनी ‘रिसाला’ ग्रंथात कायद्याची उगमस्थाने क्रमाने सांगितली: कुरआन, सुन्नत, इज्मा म्हणजे एकमत आणि कियास म्हणजे साम्यावरून काढलेला निर्णय. हा कायदा राजाच्या आज्ञेतून निघत नाही. तो राजालाही बांधतो.

मग रूढीचे काय? स्पष्ट वचनाविरुद्ध नसेल तरच रूढी ग्राह्य, असे फकीहांचे मत. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा व मेमन जमातींतील मुलींनी कुरआनप्रमाणे वारसाहक्क मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी श्रेष्ठ मानून तो नाकारला. पुढे १९३७ च्या शरीअत कायद्याने, शेतजमीन वगळता, वारशातील रूढीचा अडसर दूर केला. मध्ये नव्वद वर्षे गेली!

हा वारसा अभ्यासून जगापुढे मांडणारे विद्वान आपल्याच मुंबईत होऊन गेले. माथेरानला १८९९ साली जन्मलेले आसफ अली असगर फैझी हे १९३८ ते १९४७ सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली निघाला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे रत्नागिरी जिल्ह्याचे पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. १९६३ साली ते भारतरत्न झाले.

विद्यार्थ्यांनो, यांचे ग्रंथ मिळवून वाचा. आणि पालकहो, आजही कित्येक घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते व ती मुकाट्याने सही करते. १८४७ साली कोर्टाने नाकारलेला हक्क आता कायद्याने दिला आहे. तो आपणच घरात नाकारू नये, एवढीच विनंती.